बावचीचं तेल

आईच्या दोन्ही हातांवर कोड होतं. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग. तिला त्यांचा कधी त्रास झाला नाही. त्रास होता तो माझ्या लग्नाला. दोन स्थळं आईचे हात बघून चहा न पिताच उठली होती. कोड स्पर्शानं लागत नाही, हे त्यांना सांगायला आमची जीभही रेटत नव्हती.

पंच्याण्णवच्या एप्रिलात अमळनेरचं स्थळ सुरतेला आमच्या घरी येणार असं कळलं आणि दादांनी, म्हणजे वडिलांनी, कतारगामच्या वैद्याकडून कोडावर लावायचं बावचीचं तेल आणलं. वैद्यानं बजावलं होतं, तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायचं, दहाच मिनिटं. मग हात धुवून झाकायचे. साठीची कातडी आहे, जपा.

पण आमच्या नवागामच्या वस्तीत सकाळी नळाचं पाणी भरायचं, मग कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या भावांचे डबे. आई मोकळी व्हायची भर दुपारी. मी म्हटलं, ऊन ते ऊन. पाहुणे यायला आठच दिवस उरले होते. दहा मिनिटांनी गुण येतो, तर तासाभराने जास्तच येईल, एवढी अक्कल मी बारावी पास पोरीनं चालवली.

तिसऱ्या दिवशी आई गच्चीवरून मधेच खाली आली, हात छातीशी धरून.

"आग व्हस वं, ज्योती."

"थोडं सोस ना, आई. माझ्यासाठी."

ती परत वर गेली. हातांवर पदर ओढू नकोस, हेही मीच सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बोराएवढे फोड आले. दवाखान्यातला डॉक्टर संतापला. या वयाच्या बाईला भर उन्हात कुणी बसवलं? आई म्हणाली, मीच बसले. त्यानं कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आईनं हातांचं विचारलं. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते.

"भजी तळताना तेल उडालं," मी म्हणाले.

त्या बाई हळहळल्या, आईशेजारी येऊन बसल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या ओठांना चहाचा कप लावला. पसंतीही तिथेच सांगून गेल्या.

ते गेल्यावर आई पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "बरं व्हयनं, भाजनं ते."

भाजलं ते बरं झालं, हे आईच्या तोंडून ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.