तिसरा पाट

मंडळी, दिवाळीला पोरगा घरी येनार म्हनल्यावर आईला किती आनंद व्हतो, हे काय मी सांगायला नगं. पन तिकोणा पेठंच्या शालूबाईला औंदा त्याचीच धास्ती बसलीवती.

गडाच्या पायथ्याला तिचं छप्पर. गड उतरून आलेली पोरं तितं पिठलं-भाकरी खात्यात, ताक पित्यात. नवरा जाऊन लय वर्सं झाली. बाई एकटी, पन खमकी. लेक संदेश चिंचवडला कंपनीत. त्याचा फोन आला, "आई, भाऊबीज झाली की तुला घेऊनच निघायचं. स्वराजला सांभाळायला कुणी नाही. छपराला कुलूप लाव."

इचारलं न्हाई. सांगितलं!

शालूबाईनं हे हौशीरामच्या कानावर घातलं. ह्यो कामशेत-तिकोणा टमटम चालवायचा. त्याची बी बायको वारलेली. तिचा भाजीपाला, ग्यासची टाकी हाच आनायचा आनि दुपारचा चहा तिच्याकडं प्यायचा. गावातल्या समद्या बाप्यांना ती भाऊ म्हनायची, ह्याला मातर नुस्तं हौशीराम.

"हौशीराम, मी सांगनार हाय, आपलं लगीन ठरलंय."

त्याचं बिस्कीट कपात बुडालं. "काय म्हनला?"

"खोटंच वो! लेक भडकंल, आदळआपट करंल, दिवाळी टाकून जाईल. पन मला न्येनार न्हाई."

"आनि लोकं?"

"बोलत्याल चार दिस. तुमी नुस्ती मान हलवा."

पाडव्याला लेक, सून आनि नातू स्वराज आले. शालूबाईनं चकल्या वाढता वाढता सांगून टाकलं. संदेशच्या हातातली चकली हातातच ऱ्हायली. आनि सून सविता? ती टुनकन उठली! "अय्या आई, कसलं भारी! लोणावळ्याला हॉल बघूया. मेहंदी मी काढणार हं!"

शालूबाईचा समदा बेतच फिसकटला. ज्यानं भडकायचं त्यो मुका, आनि सून नाचाया लागली! तेवढ्यात हौशीराम आला, तर सवितानं त्याच्या पाया पडून शर्टाचं माप इचारलं. त्यो असा गोंधळला, की कामशेतची प्याशिंजरं घिऊन उलट्या दिशेला, धरनाकडंच गेला.

भाऊबीजेला वडिवळ्यावरनं चिमाबाई आली, शालूबाईची थोरली ननंद. भाऊ गेला तरी दर साली यायची, त्याच्या फोटोम्होरं निरांजन लावायची. शेजारनी बी जमल्यावत्या. संदेशनं पाट मांडला आनि चहाला आलेल्या हौशीरामला हाताला धरून त्यावर बसवलं.

"आई, ओवाळ यांना. आजपासून हे आमचे मामा. विषय संपला. मग चिंचवडला यायची पिशवी भर."

"अरं, पर..."

"नाहीतर आत्ताच्या आत्ता गळ्यात हार घाल. एक काय ते ठरव! मला गावात तोंड दाखवायचंय."

शालूबाईनं ताट उचाललं. निरांजन पेटलेलं. हात मातर हलंना.

"संदेश, लगीनबिगीन काय न्हाई. खोटं बोलले मी."

"मग ओवाळ की!"

"न्हाई ओवाळनार."

"का पण?"

"ते मला बी ठावं न्हाई!"

पाटावरनं हौशीराम हळूच म्हनला, "म्हंजे... मी उटू का बसू?"

मग चिमाबाई उटली. शेजारनींना वाटलं, आता भावजयीला झापनार. सख्ख्या भावाची बायको ती! पन चिमाबाई वळली भाच्याकडं.

"संद्या, आईला इचारलंस का, तुला कुटं ऱ्हायाचंय?"

"आत्या, मी तिच्या भल्यासाठीच..."

"इचारलंस का?"

"...नाही."

"म्हनून तिच्यावर खोटं बोलायची पाळी आली! आनि काय रं, बाईशेजारी बाप्या बसला, की तुमाला त्यो भाऊ तरी लागतो, न्हाईतर नवरा. दोन घोट चहाला येनाऱ्या मानसाला तिसरा पाटच न्हाई व्हय तुमच्या घरात?"

शालूबाईनं डोळ्याला पदर लावला. "लेकरा, स्वराज माजा जीव हाय. पन तितं मी दिवसभर दाराकडं बघत बसनार. हितं पोरं 'मावशी, ताक द्या' म्हनून हाका मारत्यात. हितं माजी कोनतरी वाट बघतंय रं."

सविता खाली मान घालून म्हनली, "मी तरी कुठं विचारलं आईंना? थेट हॉल बघायला निघाले!"

संदेशला गलबलून आलं. "आई, चुकलो गं. नाही लावायचं कुलूप. स्वराजचं आम्ही बघतो. सुट्टी लागली की त्यालाच इथं आणू."

"पन पाट मांडलाय, त्याचं काय?" चिमाबाईनं शालूबाईच्या हातातलं ताट घेतलं. "मला कुटं भाऊ ऱ्हायलाय? हौशीराम, बस नीट. मी ओवाळते!"

ओवाळलं. हौशीरामनं ओवाळनीला खिसा चाचपला, तर हाताला टमटमची चावी.

"ठिव ती. मला वडिवळ्याला सोड, म्हंजे पावली."

संदेश मनातल्या मनात नातं जुळवीत बसला. "आत्या, तुझा भाऊ म्हणजे... मग हे आमचे कोण?"

"ते तुजी आई ठरवंल, तिला वाटंल तवा. तिनं लगीन केलं तरी मी ननंद, न्हाई केलं तरी ननंदच!"

मंडळी, आई म्हंजे काय घरातलं कपाट न्हवं, उचाललं आनि दुसऱ्या खोलीत ठिवलं. रागानं ओढा न्हाईतर मायेनं ओढा, ओढनं ते ओढनंच. आदी इचारा. आनि ती काय म्हनती, तेवढं ऐकून घ्या.

पोरं चिंचवडला गेली. दुपारी हौशीराम चहाला आला.

"शालूबाई, आपलं खरं काय आनि खोटं काय, मला कायच कळंना."

"मला तरी कुटं कळतंय? आदी बिस्कीट काढा, बुडालं."