पट्टीच्या नालाचा माग

फुटलेल्या टाचेच्या घोड्याला पट्टीचा नाल लागतो. नालाची दोन्ही टोकं आडव्या पट्टीने जोडलेली. घोडदळाच्या छावणीत असा घोडा एकच.

भरकटलेलं जनावर कुणी छावणीवर आणून दिलं, की पिठाचं पोतं मिळे. नदीकाठच्या अपाची आदिवासींच्या वस्तीने वर्षभरात अकरा आणून दिली.

छावणीप्रमुख कॅप्टन मॉटचे दात फार सुरेख होते, त्याच्या भावाचेही.

अ‍ॅरिझोनाच्या उन्हात पडलेल्या माणसाच्या तोंडात आधी माश्या शिरतात.

या वेळी पडलेला माणूस कॅप्टनचा धाकटा भाऊ लुईस, टपालाची थैली घेऊन निघालेला. तिसऱ्या दिवशी सापडला, छातीत गोळी. घोडा नव्हता. वाळूत पट्टीच्या नालाचा माग तेवढा होता, नदीकडे जाणारा.

नालबंद अँटोन रीब्लिंग मागाजवळ उकिडवा बसला. नाल त्याच्याच हातचा, लुईसच्या घोड्याला ठोकलेला. माग या झुडपाकडून त्या झुडपाकडे जात होता, मध्येच थांबत होता. थांबे तिथलं गवत कुरतडलेलं.

"साहेब, पाठीवर कुणी नव्हतं," तो म्हणाला. "घोडं चरत चरत गेलंय."

सार्जंट क्विग्ली खिदळला. "तुझ्या कानात सांगून गेलं वाटतं?"

"स्वार असता तर असं चरू दिलं असतं का? लगामही घासत गेलाय. ही रेघ बघा."

कॅप्टनने रेघ पाहिली. नीट पाहिली. त्याला कळलंय, हे रीब्लिंगला दिसलं.

"रीब्लिंग, तुझं काम खुरांपर्यंत. वरचं मी बघतो."

"वस्तीवाले घोडं आणून देतील, साहेब. नेहमी देतात. दोन दिवस थांबा फक्त. तिथं बायकापोरं आहेत."

"माझा भाऊ तीन दिवस थांबला."

"याचं तिथं कुणीतरी असणार," क्विग्ली म्हणाला. "म्हणून एवढा कळवळा."

शिपाई हसले. रीब्लिंगही हसला. मग घोड्यावर चढला.

लुईसचा घोडा वस्तीच्या तोंडाशीच बांधलेला होता. अंग पुसलेलं, पुढ्यात ओलं गवत. खोगीर सावलीत, त्यावर टपालाची थैली, तशीच बंद. एक म्हातारा हसत पुढे आला. काखेत पिठाचं रिकामं पोतं.

कॅप्टनने पहिली गोळी त्यालाच घातली.

जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपलं. क्विग्लीने मेलेल्यांचे टाळूसकट कापलेले केस पट्ट्याला बांधले आणि त्याच चिकट हातांनी बिस्किट मोडलं.

"खातोस?"

रीब्लिंगने घेतलं. खाल्लं. पोटाने ते मुकाट ठेवून घेतलं, याचीच त्याला शिसारी आली. त्याच्या बंदुकीतल्या दोन गोळ्या कमी झाल्या होत्या. त्या कुणाला लागल्या, हे त्याने पाहिलं होतं.

कॅप्टन खोगिरावर कागद ठेवून अहवाल लिहीत होता.

"रीब्लिंग, माग कुठे गेला होता?"

"वस्तीकडे, साहेब."

"सरळ?"

बिस्किट दाढेत अडकलं होतं. त्याने जिभेने ते उकरलं, गिळलं.

"सरळ."

त्याच वर्षी जूनमध्ये छावणीचा डॉक्टर त्या वस्तीत देवीची लस टोचायला गेला होता. चौतीस जणांनी, म्हणजे सगळ्या वस्तीने, ओळीने दंड पुढे केले होते.