माशांचे नामस्मरण आणि शेवटचा रकाना

सूर्योदयापूर्वीच तळ्याच्या काठी दोन-तीनशे माणसे उभी होती आणि समोर पाण्यात जवळजवळ तितकेच मासे. मासे तोंडे वर काढून ओठ हलवीत होते.

महिन्याभरापूर्वी गावात आलेल्या महाराजांनी घंटा वाजवली. "पाहा! मुकी लेकरं नाम घेताहेत!"

भक्तांनी पाट्या भरभरून पीठ पाण्यात सोडले. हे नामस्मरण दुपारी का होत नाही, असे एका वृद्धाने विचारले. "दुपारी ते विश्रांती घेतात," असे उत्तर मिळाले आणि ते समाधानकारक मानले गेले.

समुद्राला बांध घालून केलेले हे तळे. बांधातल्या लाकडी दारातून भरतीचे पाणी आत येई आणि त्यावर माशांची पिल्ले वाढत. दाराचा राखणदार महाराजांचा पहिला भक्त होता. "रात्री जलदेवता निजते, दार लाव," ही आज्ञा तो महिनाभर निष्ठेने पाळीत होता. त्याच्या थोरल्या बहिणीला दमा होता. तिला महाराजांनी तळ्याचे पाणी प्यायला सांगितले. श्रद्धेत भेसळ नको म्हणून राखणदाराने तिचा श्वासाचा पंप पेटीत कुलूपबंद केला.

त्याची मुलगी नववीत होती. समुद्र-संशोधन केंद्रासाठी तिचा वर्ग सहा महिने रोज पहाटे आणि दुपारी तळ्यातला प्राणवायू उपकरणाने मोजून वहीत मांडी. वहीत शेवटचा रकाना होता : 'दार उघडे की बंद'.

"बाई, दार काय पोहतं का?" वर्ग हसला होता.

"जे दिसतं ते लिहायचं," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या. "उपयोग नंतर ठरेल."

तो त्या सकाळी ठरला. पूर्वी पहाटे पाचाच्या वर असणारा प्राणवायूचा आकडा दीडवर आला होता आणि घसरण सुरू झाली त्याच तारखेपासून पहाटेच्या रकान्यात 'बंद' होते. मुलगी घरी आली, तेव्हा आत्या खाटेवर खांदे उचलून, तोंड उघडे टाकून बसली होती. मुलगी क्षणभर पाहतच राहिली.

"बाबा, मासे नाम घेत नाहीयेत. त्यांचं आत्यासारखं झालंय."

"गप गं! महाराजांपेक्षा तुला जास्त कळतं?"

"मग एक रात्र दार उघडं ठेवा. उद्या एकही मासा वर येणार नाही, लिहून देते. आला तर वही तळ्यात टाकीन."

"उघड... की... रे," आत्या म्हणाली. एवढ्या तीन शब्दांना तिला तीन श्वास लागले. राखणदार मान खाली घालून बांधाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आरशासारखे स्थिर होते. महाराजांनी हात दुखेपर्यंत घंटा वाजवली.

"कोणीतरी पाप केलं आहे!"

"मी केलं," राखणदार म्हणाला. "दार उघडं ठेवलं."

मुलीने जाळे टाकले. पाच-सहा मासे जोमाने उसळ्या मारीत वर आले; त्यांना तिने लगेच सोडून दिले. बाईंनी उपकरण उंच धरले : साडेपाच. "रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. दार बंद म्हणून नवं पाणी नाही. त्यात तुमचं पीठ कुजतं, तेही प्राणवायू खातं. पहाटे मासे गुदमरतात आणि वर येतात. मग तुम्ही आणखी पीठ टाकता."

गर्दीतला एक मासेविक्या महाराजांना निरखत पुढे आला. "अरे, हा तर पलीकडच्या मत्स्यतळ्यावर पाण्यात हवा सोडायचं यंत्र चालवायचा! एकदा हा झोपला, मासे असेच वर आले, म्हणून मालकाने काढला."

महाराजांनी घंटा झोळीत ठेवली. ते भरतीच्या वेळेपूर्वीच अंतर्धान पावले.

सृष्टीविषयी आदर असावा; परंतु आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे. जे अद्भुत दिसते ते मोजावे, लिहावे, दार एकदा उघडून पाहावे. सत्य असेल तर तपासणीने त्याचे काहीही बिघडत नाही.

राखणदाराने घरी जाऊन पेटीचे कुलूप काढले. आत्याने पंप दोनदा ओढला, खांदे हळूहळू खाली आले. मग तिने भाचीला जवळ बोलावले.

"वही आण. लिही तुझ्या त्या शेवटच्या रकान्यात : पेटी उघडी."