गोदाबाईची थरथर थांबली

पोरांनो, जरा डोळे मिटा. पौषातली संध्याकाळ, नांदगाव खंडेश्वरजवळचं खेडं, बोटं आखडून टाकणारा गारठा. अंगणात बायकांचा घोळका आणि मधोमध एक बाई बसल्या जागी डुलते आहे. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम! तुम्ही तिथं असता, तर काय समजला असता?

बायका समजल्या, देवी अंगात आली.

सातवीतल्या आचलला तसं वाटलं नाही. डुलणारी गोदाबाई तिची मोठी आई, म्हणजे थोरल्या काकाची बायको. तिला मधुमेह. आज तिळी चौथ; चंद्र दिसेपर्यंत उपास. पण गोदाबाईनं सकाळची साखर उतरवायची गोळी नेमानं घेतली होती. गोळीनं काही उपास मोडत नाही, असं तिचं म्हणणं. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर पडते, घाम सुटतो, हात कापतात, माणूस बरळतो, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आचलसमोरच बजावलं होतं.

"देवी नाही आली इले. साखर कमी झाली!" आचल ओरडली.

"दोन बुकं शिकली तं देवीले शिकवते काय वं?" शेजारची माणिकबाई कडाडली.

बायका पुढं सरकल्या. "माय, माह्या धर्मेंद्रले नोकरी कवा लागन?" "माय, सुनेले औंदा तरी पोरगं व्हईन काय?" गोदाबाईची जीभ लटपटली. "हो म्हणते, हो!" म्हणत जिनं तिनं सोयीचं ऐकून घेतलं. वर्षभर जिला 'जेवली काय' असं कुणी विचारलं नव्हतं, तिच्या पायांशी आज रांग लागली होती.

"देवी तापली, गार करा," म्हणत माणिकबाईनं तिच्यावर घागर ओतली. मग आणखी एक. गोदाबाईचे दात वाजू लागले, ओठ निळसर पडले. काही वेळानं थरथर थांबली आणि मान कलली.

"पाह्य वं, शांत झाली माय!" बायकांनी हात जोडले.

पोरांनो, गारठलेल्या माणसाची थरथर अशी आपोआप थांबली, तर ते बरं लक्षण नसतं. अंग ऊब धरायचं सोडून देत असतं.

आचलनं तिचा हात धरला. गारढोण. "मोठी आई, आइकू येते काय? थुका गिळ बरं." गळा हलला. गिळता येतंय म्हटल्यावर तिनं साखरपाणी आणून घोटघोट पाजलं.

फाडकन् तिच्या गालावर चापट बसली. मारणारी आचलची आई, करिश्मा. "उपास मोडला तिचा! कोणाले भोवन आता?"

"मले भोवू दे," आचल म्हणाली.

तिनं गोदाबाईच्या काखेत हात घालून तिला हळूहळू खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. कोनाड्यातला फोन घेऊन १०८ ला कळवून अँब्युलन्स बोलावली. ओलं पातळ सोडलं, अंग पुसलं, गोधडी गुंडाळली. बाहेर बायका दार बडवत होत्या. आचल त्याच गोधडीत शिरली आणि गोदाबाईला छातीशी घट्ट धरून बसली.