तक्त्यावरचा तीन

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रोवीना प्रुइटला गट-उपचारांच्या खोलीतून बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की विमा कंपनीच्या लेखी तिचे उपचार सोमवारीच संपले.

ओहायोतल्या या केंद्रात माणसं रात्री आपापल्या घरी झोपतात आणि आठवड्यातून तीन दिवस, रोज तीन तास, उपचारांना येतात. रोवीना शाळेची बस चालवायची. फेब्रुवारीत तिने गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. इस्पितळातून ती थेट इथे आली. ठरलेले आठवडे नऊ, झालेले चार.

रोज आल्या आल्या एक तक्ता भरायचा: आज किती त्रास होतोय, शून्य ते दहा. तक्ते कंपनीकडे जातात. रोवीनाने सलग सहा वेळा ‘तीन’ लिहिलं होतं.

"खरा आकडा किती?" समुपदेशक ग्लेन हेबरकॉर्नने विचारलं.

"आठ. कधी नऊ."

"मग तीन का लिहिलंस?"

"शेजारी डार्सी बसते. तिचं बाळ गेलंय. तिच्यासमोर मी नऊ लिहू? आमच्या घरात रडगाणं गात नाहीत, ग्लेन. आई कॅन्सरने गेली, तीसुद्धा शेवटपर्यंत ठीकच होती."

अकरा वाजता ग्लेनने कंपनीच्या डॉक्टरला फोन लावला.

"सुधारणा दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "आठवड्याला एक भेट पुरेल."

"तुम्ही तिला पाहिलंय?"

"कागद पाहिलेत."

"तिने नऊ लिहिलं असतं तर?"

"तर उपचारांचा उपयोग होत नाही, असं म्हणावं लागलं असतं."

"म्हणजे बरी झाली तरी बाहेर, नाही झाली तरी बाहेर. दिवसभर काय काम करता, हे घरी बायकोला सांगता का हो, डॉक्टर?"

"हे बोलणं नोंदवलं जातंय."

"नोंदवा. आडनाव नीट लिहा. हेबरकॉर्न."

बारा चाळीसला त्याने खरे आकडे लिहून तातडीचं अपील पाठवलं. उत्तराची मुदत बहात्तर तास. तोवर मंजुरीशिवाय तिला आत बसवता येणार नाही, असं केंद्राच्या संचालिकाबाईंनी बजावलं.

"खुर्ची रिकामीच आहे ना," ग्लेन म्हणाला.

"नियम मी केलेला नाही."

"पाळताय तर तुम्हीच."

गुरुवारी रोवीना नऊला आली आणि बारापर्यंत पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. "इथे बसायला मंजुरी लागत नाही ना?" तिने ग्लेनला काच खाली करून विचारलं.

शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला मुदत संपली. चार वाजता कंपनीच्या संकेतस्थळावर ‘विचाराधीन’ एवढंच दिसत होतं. रोवीना फोन उचलत नव्हती. ग्लेन तिच्या घराकडे निघाला होता.