आखणीचा हात, ढोलकीचा हात

१९९३ साल सरत आलं होतं. मार्गशीर्षातल्या एका रविवारी, रोह्याला निसीम रोहेकरांच्या पडवीत, विमलने जन्मात पहिल्यांदा ढोलकी मांडीवर घेतली आणि उजवा हात उचलून शाईवर, पुडीच्या काळ्या गोलावर, मारला. आवाज खणखणीत आला. मग डावा हात उचलायचा होता. तो उचललाच नाही.

"हं, आता डावा," निसीमभाऊ म्हणाले.

विमलने डाव्या हाताकडे पाहिलं. पंजा पसरून तो ढोलकीच्या कडेला असा चिकटला होता की जणू ढोलकी आत्ता लवंडेल आणि सावरायची जबाबदारी त्याची आहे. तिने नेट लावून तो उचलला, तर उजवा थांबला. उजवा चालू केला, तर डावा पुन्हा खाली बसला. आतल्या उंबऱ्याशी निसीमभाऊंच्या बायको, सिपोराबाई, तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप हातातच राहिलं.

"होईल गो हळूहळू," त्या म्हणाल्या आणि लगेच मान खाली घालून खडे वेचू लागल्या.

विमल हमरापूरची. वय त्रेचाळीस. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. दिराचा, महिपतीचा, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता आणि त्यात ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. हे काम बहुतेक पुरुषांचं, पण तिच्यासारखी रेघ पेणपासून जोह्यापर्यंत कुणाची येत नाही, असं परके कारखानदारसुद्धा बोलून दाखवत. बारीक कुंचला, पापणीची एक ओढ, आणि माती माणसाकडे बघायला लागायची.

हात असे सोन्याचे. ताल मात्र द्यायचा देव विसरून गेला होता. लहानपणी गौरीच्या फेरात तिचा पाय चुकला की मागचीचा चुकायचा, तिच्या मागचीचा चुकायचा, आणि अख्खा फेर एकमेकींच्या अंगावर. आरतीला टाळी वाजवताना ती सगळ्यांच्या एक टाळी मागे. गावातल्या महिला भजनी मंडळात बायकांनी तिला कधी दुखवलं नाही. त्यांनी तिच्या हातात बुक्क्याचं ताट दिलं. ताट धरलं की टाळी वाजवता येत नाही. अठरा वर्षं ती ताट धरून बसली होती. गातही नव्हती, ओठ तेवढे हलवायची.

त्या साली मंडळाचा ढोलकीवाला, काळुराम, धाटावच्या कंपनीत लागला. शिफ्टची नोकरी, त्यामुळे आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. त्याचा भरवसा राहिला नाही. दुसरा कुणी बायकांच्या मागे बसून वाजवायला तयार होईना. चैत्रात हनुमान जयंतीच्या सप्ताहात दुपारी तीन ते चार हा तास बायकांचा असायचा. बावीस वर्षांपूर्वी सासवांनी भांडून मिळवलेला तास. महिपती सप्ताहाच्या कमिटीत होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याने सरळ सांगितलं, की ढोलकीशिवाय भजन म्हणजे नुसतं गाऱ्हाणं. सोय झाली नाही तर तो तास जोह्याच्या मंडळाला द्यावा लागेल. एकदा दिलेला तास परत येत नसतो, हे बसलेल्या सगळ्याजणींना कळत होतं.

"मग आपल्यातलीच एखादी शिकंल," मंडळाची गाणारी द्वारका म्हणाली.

कुणी मान वर केली नाही. कुणाला नातवंडं, कुणाला गुरं, कुणाला सांधेदुखी. तेव्हा ताट धरून बसलेली विमल म्हणाली,

"मी शिकते."

एकीला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात दडवलं.

"विमल, तू गो?"

"हात तर माझे चांगले हायत."



निसीमभाऊंचं नाव तिलाच सुचलं. तीस वर्षं ते पेण–रोहा एसटीवर कंडक्टर होते. तिकिटं फाडून झाली की गाडीच्या दांड्यावर तिकीट टोचायच्या चिमट्याने ठेका धरायचे, आणि नागोठणं येईपर्यंत गाडीतल्या माना डोलत राहायच्या. त्यांच्या ज्यू समाजाच्या कीर्तनात ढोलकी त्यांचीच असायची. आता कीर्तनाला बसायला माणसं उरली नव्हती. निम्मी आळी इस्राएलला गेलेली, त्यांचे दोन्ही मुलगेही तिथेच. निसीमभाऊ म्हणाले, शनिवार आम्ही पाळतो, तो सोडून कधीही ये. त्यांनाही वाजवायला कुणी तरी सोबत हवंच होतं.

ती दर रविवारी जाऊ लागली. पेणच्या स्टँडवर गाडी बदलायची, मांडीवर पिशवी, पिशवीत सिपोराबाईंसाठी कधी वालाच्या शेंगा, कधी पोह्याचे पापड. निसीमभाऊंनी तिला 'धा गे ना ती ना के धि ना' पाठ करायला लावलं. पाठ झालं. बोटं कुठे पडायची ते एकदा दाखवलं की पुन्हा दाखवावं लागत नव्हतं. पण आठ मात्रा झाल्या की ती थांबायची. पुन्हा नव्याने सुरू करायची. पुन्हा आठ, पुन्हा थांबा.

"ही गाडी दर थांब्याला उभी राहते," निसीमभाऊ म्हणायचे. "कुणी चढत नाय, कुणी उतरत नाय, तरी उभी."

त्यांनी तिला पडवीतून अंगणात ठेक्यावर चालवून पाहिलं. चिमट्याची टिकटिक लावून पाहिली. डाव्या हाताला एकट्यालाच वाजवायला लावलं. एकटा असला की तो शहाण्यासारखा वाजायचा. उजवा आला की तो पाहुण्यासारखा बसून घ्यायचा. घरी ती रंगाच्या रिकाम्या डब्यावर मेहनत करायची. शेजारणी विचारायच्या, कल्हईवाला बसवलायस काय गो घरात? महिपतीला वेगळीच काळजी लागली. "वैनी, बोटं जपा," तो एकदा म्हणाला. "आपटून आपटून कापरी झाली तर डोळे कोण काढणार?" त्या संध्याकाळी ती दिव्याजवळ बोटं पसरून कितीतरी वेळ बघत बसली.

फाल्गुनात निसीमभाऊंच्या मुलाचं पत्र आलं. आई-बाबांची कागदपत्रं झाली होती, वैशाखात इस्राएलला निघायचं होतं.  एका मंगळवारी निसीमभाऊ एसटीने हमरापूरला आले. सिपोराबाईंना त्यांनी सांगितलं होतं, की बिचारीला आता मोकळं करतो. काळुरामची पाळी कुणाशी बदलून मिळते का ते त्याच्या साहेबाला विचारतो. तिच्या हाती ती गोष्ट नाही.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने लवकर निघतात, म्हणून कारखान्यात फाल्गुनातच आखणी चालू होती. ओळीने गणपती बसलेले, रंगलेले, पण डोळ्यांविना. निसीमभाऊ दारातून हाक मारणार, तोच रंग कालवणाऱ्या सखाने ओठांवर बोट ठेवलं. आखणी चालली की इथे रेडिओ बंद, बोलणं बंद, पाण्यात कुंचला खळबळवणंही बंद. आज्याच्या वेळेपासूनची रीत होती ती.

विमल पाटावर बसली होती. डावा हात मूर्तीच्या डोक्यामागे पसरलेला, दगडासारखा स्थिर. तिने छातीभर श्वास घेतला आणि धरला. कुंचला टेकला, ओढ निघाली, संपली. कुंचला उचलल्यावर तिने श्वास सोडला. मग दुसरा डोळा. पुन्हा श्वास घेतला, धरला.

निसीमभाऊ एक नाही, चार गणपती होईपर्यंत उभे होते. मग शाडूच्या गोणीवर बसले आणि त्यांना हसू आलं.

"विमल, श्वास कधी सोडतेस?"

"रेघ झाल्यावर," ती दचकून म्हणाली. "मध्ये सोडला तर हात हलतो."

"आणि ढोलकीवर?"

तिने मनातल्या मनात मात्रा मोजल्या. कुंचला हातातच होता. मग म्हणाली, "आठ झाल्यावर."

"तू ढोलकी वाजवत नायस, बाय. ढोलकीचे डोळे काढतेस तू." त्यांनी मूर्तीमागच्या तिच्या डाव्या हाताकडे बोट केलं. "ह्याला इतकी वर्षं शिकवलंस, हलू नको. आता तो बिचारा तुझं ऐकतोय तर त्याच्यावर रागावतेस. रेघ संपते. ठेका संपत नाय. त्याच्यात श्वास घ्यायला थांबायचं नसतं, चालता चालता घ्यायचा असतो."

जे सांगायला आले होते ते त्यांनी सांगितलं नाही. वैशाखात निघतोय एवढंच म्हणाले, आणि चहा पिऊन साडेचारची गाडी धरली.

पुढच्या रविवारी त्यांनी सुंभाची दोरी घेऊन ढोलकी तिच्या गुडघ्याला बांधली.

"आता ही पडायची नाय. डाव्याला सांग, तुझी राखण संपली. आणि तोंडाने अभंग म्हण. ज्याचं तोंड चालतं त्याला श्वास धरता येत नाय."

"मला गाता नाय येत, निसीमभाऊ."

"गायला कोण सांगतो? ओरड नुसती."

तिने सिपोराबाईंकडे पाहिलं. सिपोराबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि स्वतःच टाळी धरली. विमल ओरडली. आवाज भसाडा होता, अठरा वर्षं कोंडलेला. कुंपणावरचा कावळा उडाला. आठ मात्रा झाल्या, नऊ झाली, दहा झाली. आणि डावा हात, अंगाला आळस दिल्यासारखा, एकदा वर गेला आणि धुमावर, ढोलकीच्या खर्जाच्या तोंडावर, पडला. उशिरा पडला. पण पडला.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"होऊ दे. रोज तेवढ्याच उशिराने येणाऱ्या गाडीला लोक वेळेवरची गाडी म्हणतात."

चैत्रात सप्ताह बसला. पाचव्या दिवशी दुपारी तीन वाजता विमल मांडवात द्वारकेच्या डाव्या हाताला ढोलकी घेऊन बसली तेव्हा पुरुषांच्या बाजूला कुजबूज झाली. महिपती खांबाला टेकून उभा होता. जोह्याचे दोघं-तिघं मागे येऊन बसले होते, उगाच, बघायला म्हणून. निसीमभाऊ आणि सिपोराबाई मांडवाबाहेर चिंचेखालच्या बाकावर होते.

पहिला अभंग निभावला. दुसराही. तिसऱ्याला द्वारकेने लय वाढवली, आणि विमलच्या छातीत जुनी सवय जागी झाली. तिने श्वास धरला. डावा हात ढोलकीच्या कडेला जाऊन बसला. उजवा एकटाच टिकटिकत राहिला, टाळ विस्कटले. द्वारकेने वळून पाहिलं. मांडवात कुणीतरी घसा खाकरला. विमलने बाहेर बाकाकडे पाहिलं. निसीमभाऊ डोळे मिटून बसले होते, काहीच करत नव्हते. नुसतं तोंड उघडून त्यांनी एक श्वास सोडला.

तिने तोंड उघडलं.

मंडळातल्या बायकांनी तिचा गाता आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो सुरात नव्हता, पण मोठा होता. द्वारका हसत हसत तिच्या आवाजात मिसळली. डावा हात उठला, धुम वाजला, थोडा उशिरा, मग पुन्हा तेवढ्याच उशिरा, मग पुन्हा. टाळ त्या उशिराला सामील झाले. चार वाजून गेले तरी पुढच्या मंडळींनी उठा म्हटलं नाही. बुक्क्याचं ताट त्या दिवशी महिपतीने फिरवलं.

वैशाखात निसीमभाऊ आणि सिपोराबाई गेले. जाताना सिपोराबाईंनी ढोलकी चादरीत गुंडाळून विमलच्या ओटीत ठेवली, लेकीला काही द्यावं तशी. निसीमभाऊंनी दोरीचं तेवढं बजावलं: "आता सोडलीस तरी चालंल."

त्या आषाढात ऐन गर्दीची आखणी सुरू झाली. रीतीप्रमाणे सखाने रेडिओ बंद केला, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू आलं. महिपती गप्प करायला वळला. विमलच गुणगुणत होती. कुंचला मूर्तीवर होता, डावा हात मूर्तीमागे, आणि त्याची करंगळी हलकेच हलत होती. महिपतीने तोंड उघडलं, मूर्तीकडे पाहिलं, आणि मिटलं. नंतर पेणच्या एका व्यापाऱ्याने त्याला विचारलं, ह्या साली डोळे वेगळे आहेत काय हो? आधीचे बघायचे, हे बोलायला आल्यासारखे वाटतात.

बायकांचा तास कुणाला गेला नाही. द्वारका पुढे पंधरा वर्षं गायली आणि सप्ताहातच आजारी पडून गेली. काळुराम कंपनीतून निवृत्त होऊन परत आला, पण बायकांनी त्याला ढोलकी दिली नाही; तो पुढे बसून ऐकतो. सिपोराबाईंची पत्रं इस्राएलमधल्या अश्दोदहून मराठीत येत राहिली. २००३च्या पत्रात त्यांनी लिहिलं, की निसीम गेले. शेवटच्या दिवसांत उशीच्या कडेवर बोटांनी ठेका धरायचे, आणि थोडा उशिरा पडला की म्हणायचे, ही विमलची गाडी. महिपतीने कारखाना मुलांवर सोपवला.

विमल आता सत्तरीच्या पुढे आहे. नजर गेली, आखणी सुटली, पण गावातल्या पोरी आखणी शिकायला येतात त्यांच्याजवळ ती बसते. दुसऱ्या कारखान्यांत आखणीला बसलं की अजून सगळे गप्प होतात. महिपतीच्या कारखान्यात डोळे काढायची वेळ झाली की कुणीतरी विमलच्या ढोलकीवरची चादर काढतं आणि ठेका धरतं.