मानेवरचं लेबल

टेलरने लेकीचा शाळेचा फ्रॉक उलटा केला आणि मानेजवळची टीप ब्लेडने उसवायला घेतली. टीप काही सुटेना. सुटणार कशी? त्यानेच ती नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी घातली होती. पोरगी लेबल ओरबाडून काढते म्हणून दर वेळी आधीपेक्षा पक्की. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तीच तर पंचाईत झाली होती.

काल ताईंनी, म्हणजे स्पर्श, आवाज सहन न होणाऱ्या मुलांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी, त्याच दोऱ्याचं टोक त्याच्या मनगटावरून फिरवलं होतं.

"तुम्हाला हे नुसतं लागतंय. तिला दिवसभर बोचतं. मग फळ्याकडे लक्ष कुठून जाणार?"

लेबल काढा, शिवणी बाहेरच्या बाजूला घ्या, कापड मऊ वापरा, एवढंच त्यांनी सांगितलं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याची लेक भिंगरी कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसली होती. मशीन सुरू झालं की ती कान झाकून तिथेच शिरायची. आज त्याने मशीनला हात लावला नव्हता.

"शिवणी बाहेर?" बायको इस्त्री फिरवत म्हणाली. "लोक म्हणतील, टेलरच्याच पोरीने फ्रॉक उलटा घातलाय."

"म्हणू देत."

"नाटकं करते, असं तुम्हीच म्हणायचात."

त्याला मान वर करवेना. 'बाबा, टोचतंय' हे भिंगरी बोलायला लागल्यापासून सांगत होती, आणि तो तिला लाडोबा म्हणून गप्प करत आला होता.

लेबल एकदाचं निघालं. लाल धाग्यात विणलेलं दुकानाचं नाव. त्याचा केवढा तोरा होता त्याला! मागच्या महिन्यात एका तान्ह्या बाळाची झबली शिवून तयार होती. भिंगरीने सगळी लेबलं कापून टाकली, एका झबल्याच्या तर गळ्यालाच कात्री लागली. गिऱ्हाइकासमोरच त्याने तिला फटका दिला होता. तेव्हापासून छोटी कात्री ड्रॉवरमध्ये कुलपात होती.

शिवणी बाहेर घेऊन त्याने हातानेच टाके घातले आणि फ्रॉक टेबलाखाली सरकवला. भिंगरीने तो आधी गालाला लावून पाहिला, मग घातला. सवयीने हात मानेकडे गेला आणि तसाच खाली आला.

"बोचतंय?"

तिने मान हलवली. नाही.

तो गुडघ्यांवर बसला.

"भिंगरे, बाळाची झबली का गं कापली होतीस? सांग, रागावणार नाही."

ती चिंधी बोटाला गुंडाळत राहिली.

"बाळाला बोलता येत नाही ना," ती म्हणाली. "मला येतं. ते कसं सांगणार, टोचतंय म्हणून?"

बायकोची इस्त्री थांबली.

टेलर उठला, त्याने ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि फळीवरचा लहान मुलांच्या तयार कपड्यांचा गठ्ठा खाली घेतला. मग पुन्हा टेबलाखाली वाकून त्याने छोटी कात्री, मुठीची बाजू पुढे करून, तिच्यासमोर धरली.

"ये," तो म्हणाला. "कापड जपून हं."